तात्पर्य न सांगणारे शिक्षक : गिजुभाई बधेका

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला इसापनीतीची गोष्ट आणि तिच्याखाली छापलेले ‘तात्पर्य’ ही जोडी परिचित असते. द्राक्षे आंबट ठरवून कोल्हा निघून जातो आणि गोष्ट संपते. पुस्तक मात्र तेथे थांबत नाही. गोष्टीतून काय शिकायचे, हे पुढच्या ओळीत सांगितले जाते, ती ओळ पाठ केली जाते आणि परीक्षेत लिहिली जाते. या शेवटच्या ओळीची मुलांना गरज नाही, असे सुमारे शंभर वर्षांपूर्वी ठामपणे मांडणाऱ्या शिक्षकांत गुजरातमधील गिजुभाई बधेका यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. गोष्टीचे पहिले काम मुलांना आनंद देणे हे आहे. भाषा, कल्पनाशक्ती, स्मरण आणि शहाणपण त्या आनंदामागून येतात, अशी त्यांची धारणा होती. या धारणेवर त्यांनी एक बालमंदिर उभे केले, शिक्षक घडवले आणि गुजराती बालसाहित्याचा पाया घातला.

गिरिजाशंकर भगवानजी बधेका यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. त्यांचे बालपण वळा, म्हणजे आजच्या वल्लभीपूर येथे गेले. त्या काळच्या गावठी शाळेत घोकंपट्टी आणि छडी ही शिक्षणाची दोन मान्य साधने होती. शिक्षकाचा धाक जितका अधिक, तितकी शाळा चांगली, असा सर्वसाधारण समज होता. शाळेबाहेरचे जग मात्र निराळे होते. नदी, शेत, पशुपक्षी, सणवार, भवाईचे खेळ आणि रात्री वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकायला मिळणाऱ्या गोष्टी यांनी सौराष्ट्रातील मुलांचे आयुष्य भरलेले होते. शाळा आणि जीवन यांच्यातील हे अंतर पुढे गिजुभाईंच्या कार्याचा विषय झाले.

आरंभी मात्र त्यांची वाट शिक्षणाकडे जाणारी नव्हती. भावनगरच्या सामळदास महाविद्यालयातील शिक्षण अर्धवट सोडून ते १९०७ मध्ये उपजीविकेसाठी पूर्व आफ्रिकेत गेले. काठियावाडातील अनेक तरुण त्या काळी हाच मार्ग धरीत. दोन वर्षांनी ते परतले, मुंबईत कायद्याचा अभ्यास केला आणि वढवाण येथे वकिली सुरू केली. वकिलीत त्यांचा जम बसला होता. सुखवस्तू मध्यमवर्गीय आयुष्य समोर दिसत होते.

१९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि या आयुष्याची दिशा बदलली. नरेंद्रला कसे वाढवावे, कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांना छळू लागला. आपण ज्या शाळेत शिकलो तेथे मुलाला पाठवण्याची त्यांची तयारी नव्हती. बडोदा संस्थानातील ग्रंथालय चळवळीचे कार्यकर्ते मोतीभाई अमीन यांच्यामुळे त्यांची इटलीतील शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांच्या विचारांशी ओळख झाली. मूल हे स्वतः शिकणारे, स्वतंत्र व्यक्तिमत्त्व आहे आणि मोठ्यांनी त्याच्या वाटेत कमीत कमी आडवे यावे, हा मॉन्टेसरी यांचा विचार वकिली करणाऱ्या या पित्याला पटला. एका मुलाच्या संगोपनाचा प्रश्न हळूहळू सर्व मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न बनला.

भावनगरमध्ये नृसिंहप्रसाद, म्हणजेच नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवन ही संस्था स्थापन केली होती. १९१६ मध्ये गिजुभाईंनी वकिली सोडली आणि ते या संस्थेत दाखल झाले. प्रारंभी त्यांच्याकडे मोठ्या विद्यार्थ्यांची जबाबदारी होती. त्या वयापर्यंत मुलांच्या मनात भीती, स्पर्धा आणि घोकंपट्टीची सवय घट्ट रुजलेली असते, असे त्यांना दिसून आले. शिक्षण बदलायचे असेल तर त्याच्या मुळाशी जावे लागेल, हे ओळखून त्यांनी ऑगस्ट १९२० मध्ये लहान मुलांसाठी बालमंदिर सुरू केले. पुढे १९२२ मध्ये तख्तेश्वर मंदिराजवळील टेकडीवर बालमंदिराची वास्तू उभी राहिली. तिचे उद्घाटन कस्तुरबा गांधी यांच्या हस्ते झाले.

या बालमंदिरात मॉन्टेसरी पद्धतीची साधने होती, तशीच गुजरातची माती, लोकगीते, रास, नाट्यप्रयोग आणि गोष्टीही होत्या. मारण्याला आणि धमकावण्याला तेथे थारा नव्हता. मोठ्या मिशांचे गिजुभाई मुलांमध्ये बसून हातवारे करीत, आवाज बदलीत गोष्टी सांगत. गुजरातने त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, हे नाव दिले आणि ते आजतागायत टिकून आहे.

मॉन्टेसरी यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या शिक्षकाने गोष्टीला इतके महत्त्व देणे ही साधी बाब नव्हती. लहान मुलांना परीकथा आणि अद्भुतकथा सांगण्याविषयी मॉन्टेसरी स्वतः साशंक होत्या. ज्या वयात मूल खऱ्या जगाची ओळख करून घेत असते, त्या वयात मोठ्यांनी रचलेल्या कल्पना त्याच्या माथी मारल्याने त्याची भोळी समजूत तेवढी वाढते, असा त्यांचा आक्षेप होता. गिजुभाईंपुढे दोन वाटा होत्या. ज्या पद्धतीवर श्रद्धा ठेवली ती शब्दशः पाळायची, की भोवतालच्या मुलांकडे पाहून तिच्यात भर घालायची, याचा निर्णय त्यांना करायचा होता. त्यांनी दुसरी वाट निवडली. मूल गोष्ट मागते, पुन्हा पुन्हा मागते आणि ऐकताना तल्लीन होते, हे ते रोज पाहत होते. मुलांचे निरीक्षण करा, हा मॉन्टेसरी यांचाच धडा होता. तो प्रामाणिकपणे गिरवल्यामुळे या एका मुद्द्यावर ते त्यांच्यापासून वेगळे झाले.

या अनुभवातून १९२५ मध्ये ‘वार्तानुं शास्त्र’ हा ग्रंथ साकारला. गुजरातीत ‘वार्ता’ म्हणजे गोष्ट. गोष्ट सांगण्याचा हेतू कोणता, ती कशी निवडावी, कोणत्या वयाला कोणती द्यावी, सांगण्याजोगी कशी करावी, कोणत्या वेळी सांगावी, लोककथांचा साठा कोठे शोधावा, कल्पितकथांचे स्थान काय आणि नीतिशिक्षणाशी गोष्टीचे नाते कोणते, अशा प्रश्नांचा त्यात पद्धतशीर विचार आहे. आजी-आजोबांच्या तोंडी असलेल्या एका सहज कलेला शिक्षकाच्या अभ्यासाचा विषय करणारा हा ग्रंथ भारतीय भाषांत त्या काळी दुर्मीळच होता.

गिजुभाईंच्या मते गोष्ट वाचून दाखवण्यापेक्षा सांगणे श्रेयस्कर. पुस्तक हाती असले की शिक्षकाचे डोळे पानावर राहतात. गोष्ट आत्मसात केलेली असली की ते मुलांवर राहतात. कोण कंटाळला, कोण घाबरला, कोण पुढच्या प्रसंगाची वाट पाहतो आहे, हे त्याला दिसते आणि त्यानुसार तो वेग व आवाज बदलू शकतो. वयानुसार गोष्टींचा क्रमही बदलतो. अगदी लहान मुलांना प्राण्यांच्या, छोट्या, ठेक्याच्या आणि तेच तेच शब्द परतून येणाऱ्या गोष्टी भावतात. पुढे अद्भुताची ओढ लागते, त्यानंतर साहस आणि इतिहास यांची गोडी निर्माण होते. ज्या गोष्टीने मुलांच्या मनात भीती घर करील, ती टाळण्याकडे त्यांचा कल होता.

नीतीच्या प्रश्नावर त्यांची भूमिका सर्वांत स्पष्ट होती. गोष्ट संपल्यावर तिच्यातून काय शिकलात, असे विचारू लागले की मुलांना गोष्टीमागे दडलेला उपदेश दिसू लागतो आणि पुढच्या वेळी ती सावध होऊन ऐकतात. चांगल्या गोष्टीत जे आहे ते मूल आपल्या वयाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणे घेते. आज हसून सोडून दिलेली गोष्ट त्याला दहा वर्षांनंतर उमगू शकते. शिक्षकाने ते काम घाईने स्वतःकडे घेऊ नये, असा या विचाराचा आशय आहे.

त्यांनी मुलांसाठी सिद्ध केलेल्या गोष्टी या भूमिकेच्या साक्षीदार आहेत. सात शेपट्यांच्या उंदराची गोष्ट गुजरातमध्ये घरोघरी सांगितली जाते. शाळेतील मुले चिडवतात म्हणून हा उंदीर एक शेपटी कापून घेतो. मग सहा शेपट्यांवरून चिडवणे सुरू होते. असे करता करता अखेरची शेपटीही जाते, तेव्हा मुले बिनशेपटीचा म्हणून त्याला हसतात. दुसरी गोष्ट दला तरवाडीची. हे गृहस्थ दुसऱ्याच्या मळ्यात शिरून मळ्यालाच विचारतात की वांगी घेऊ का, आणि मळ्याच्या वतीने परवानगीही स्वतःच देतात. मळ्याचा मालक त्यांना पकडतो आणि विहिरीत बुडवताना त्यांचीच रीत वापरतो. किती बुचकळ्या द्याव्यात हे तो विहिरीला विचारतो आणि विहिरीच्या वतीने उत्तरही स्वतःच देतो. आनंदी कावळ्याच्या गोष्टीत राजा जी जी शिक्षा देतो, तिच्यात कावळा मजाच शोधतो आणि शेवटी राजाच थकतो. लोकांच्या चिडवण्याला किती किंमत द्यावी, स्वतःशीच केलेला न्याय किती फसवा असतो, सत्तेपुढे प्रसन्न राहण्यात केवढे बळ असते, हे सारे या गोष्टींत आहे. मात्र गोष्टीखाली ते लिहून दाखवण्याची आवश्यकता नाही.

या गोष्टींची सामग्री गुजरातच्या खेड्यापाड्यांतली असली तरी गोष्टींना प्रांताची किंवा देशाची वेस नसते. भारतात रचल्या गेलेल्या पंचतंत्राचे सहाव्या शतकात इराणमध्ये भाषांतर झाले, आठव्या शतकात इब्न अल् मुकफ्फा याने ‘कलिला व दिमना’ या नावाने ते अरबीत नेले आणि तेथून ते युरोपात पोचले. सतराव्या शतकातील फ्रेंच कवी ला फाँतेन याने आपल्या प्राणिकथांच्या संदर्भात भारतीय ऋषी पिल्पे याचे ऋण मान्य केले. उलट दिशेनेही प्रवास झाला. तंजावरच्या सरफोजी राजांच्या मुद्रणालयात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने छापले गेले. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी मराठी मुलांची म्हातारी इराणच्या लोककथेतही भेटते. बंगालीत उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१० च्या ‘टुनटुनीर बोई’ या संग्रहात तिची बंगाली बहीण मुलांपुढे आणली. गिजुभाईंनाही इसाप परका वाटला नाही; इसापच्या गोष्टींतील गाढवांवर त्यांनी मुलांसाठी स्वतंत्र पुस्तक केले. आपल्या आजीची गोष्ट दूरदेशीची मुलेही ऐकतात, हे ज्या मुलाला कळते त्याच्यासाठी जग थोडे जवळ येते. भूगोलाच्या पुस्तकातून ही जवळीक सहसा साधत नाही.

बालमंदिरातील प्रयोग सामान्य सरकारी शाळेत चालेल का, हा आक्षेप त्या काळीही घेतला जात असे. त्याला गिजुभाईंनी ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातून उत्तर दिले. गुजरातीत १९३० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेली ही कथा एका कल्पित शिक्षकाची आहे. शिक्षणाधिकाऱ्याकडून तो चौथीचा वर्ग एका वर्षासाठी मागून घेतो. अट एकच, वर्षअखेरीस मुलांची परीक्षा घेतली जाईल. पहिल्या दिवशी हा उत्साही शिक्षक वर्गात शांततेचा खेळ घेण्याचा प्रयत्न करतो आणि पुरता फसतो. मुले गोंगाट करतात, त्याची थट्टा उडवतात आणि त्याला वर्ग सोडून द्यावा लागतो. पुस्तकातील आदर्श आणि समोरची मुले यांतील अंतर त्याला पहिल्याच दिवशी कळून चुकते.

दुसऱ्या दिवशी तो एका राजाची गोष्ट सुरू करतो आणि वर्ग शांत होतो. मुले जवळ सरकून बसतात. घंटा झाली तरी घरी जायला कोणी तयार होत नाही. पुढच्या दिवसांत तो गोष्टीच्या आधारे एकेक गोष्ट साधत जातो. गोष्ट नीट ऐकू यावी म्हणून मुले नीट बसू लागतात, हजेरीच्या वेळी शांत राहतात आणि जवळची मुले दंगा करणाऱ्याला आपणच थांबवतात. छडीने जी शिस्त येत नव्हती, ती ऐकण्याच्या ओढीतून येते. ऐकण्याची गोडी लागल्यावर वाचण्याची इच्छा जागी होते. पाठ्यपुस्तके विकत घेण्याऐवजी ते पैसे एकत्र करून वर्गाचे छोटे ग्रंथालय उभारावे, असे तो सुचवतो. पुढे नाटक, लोकगीते, भाषेचे खेळ आणि इतिहासाच्या गोष्टी येतात.

या पुस्तकाचे मोल त्यातील विरोधाच्या चित्रणामुळे वाढले आहे. हा माणूस नुसत्या गोष्टी सांगतो, शिकवतो केव्हा, असे मुख्याध्यापक विचारतात. सहकारी शिक्षक टोमणे मारतात. गोष्टी कोणालाही सांगता येतात, अभ्यासक्रम पुरा करणे अवघड, असे म्हणतात. पालकांना मुलगा कोणत्या क्रमांकाने उत्तीर्ण होणार याची काळजी असते. गिजुभाईंनी या लोकांना खलनायक केलेले नाही. निकाल, बदली आणि पगार यांच्या कात्रीत सापडलेली ती साधी माणसे आहेत. म्हणूनच आजचा शिक्षक ते पुस्तक वाचतो तेव्हा त्याला आपलीच शाळा दिसते. नॅशनल बुक ट्रस्टने अनेक भारतीय भाषांत आणलेले हे पुस्तक शिक्षक-प्रशिक्षणाच्या वाचनात आजही आहे.

गिजुभाईंचे कार्य मराठी मुलखात पोचवण्याचे श्रेय ताराबाई मोडक यांचे आहे. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई राजकोटमध्ये शिक्षिकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात प्राचार्य होत्या. गिजुभाईंच्या प्रयोगाने प्रभावित होऊन १९२३ मध्ये त्या भावनगरला आल्या. दोघांनी मिळून शिक्षक-प्रशिक्षणाला आकार दिला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि ‘शिक्षण पत्रिका’ या नियतकालिकातून पालक व शिक्षकांपर्यंत हा विचार नेण्यात आला. ताराबाईंच्या संपादनाखाली या पत्रिकेची मराठी आवृत्तीही निघाली. १९३६ मध्ये त्या मुंबईला परतल्या आणि दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले.

शहरातील मध्यमवर्गीय मुलांपुरते हे शिक्षण मर्यादित राहू नये, या विचाराने ताराबाई १९४५ मध्ये बोर्डी येथे गेल्या. तेथे त्यांना अनुताई वाघ यांची साथ लाभली. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासी मुलांमध्ये वाढले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात नेण्याची कल्पना तेथेच रुजली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे तिचे दृश्य रूप. महागड्या परदेशी साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने आणि स्थानिक गाणी-गोष्टी आल्या. भावनगरच्या टेकडीवर सुरू झालेल्या प्रयोगाची ही मराठी वाट आहे.

गिजुभाईंनी स्वतः १९३६ च्या सुमारास दक्षिणामूर्ती संस्था सोडली. आयुष्याच्या अखेरच्या काळात राजकोट येथे त्यांनी अध्यापन मंदिर सुरू केले. अखंड श्रमाने त्यांची प्रकृती खालावली होती. २३ जून १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५३ वर्षांचे होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मारिया मॉन्टेसरी मद्रासजवळील अड्यार येथे आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा भारतातील मुक्काम अनेक वर्षे लांबला. त्यांचा विचार भारतात रुजवण्यासाठी सर्वस्व देणारा आणि गोष्टीच्या प्रश्नावर त्यांच्यापासून नम्रपणे वेगळा झालेला हा शिष्य मात्र त्यांच्या स्वागताला उरला नव्हता.

मुलांसाठी, पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी गिजुभाईंनी शंभराहून अधिक लहानमोठी पुस्तके लिहिली. गुजराती साहित्यातील प्रतिष्ठेचे रणजितराम सुवर्णचंद्रक त्यांना १९२९ साठी प्रदान करण्यात आले. बालसाहित्याला प्रौढांच्या साहित्याच्या पंक्तीत बसवणारा हा सन्मान होता. पालकांना उद्देशून लिहिताना त्यांनी प्रयोगांपेक्षा साध्या वागणुकीवर भर दिला. मुलाचे बोलणे ऐकावे, त्याचे काम त्याला करू द्यावे, दुसऱ्याच्या मुलाशी त्याची तुलना करू नये आणि हात उगारू नये, एवढीच त्यांची मागणी असे.

आज शाळांत गोष्टीचा तास वेळापत्रकात असतो. अनेक ठिकाणी त्यावर प्रश्नपत्रिकाही असते. पात्रांची नावे लिहा, प्रसंगांचा क्रम लावा, तात्पर्य सांगा, असे प्रश्न गोष्ट संपण्याआधीच मुलांच्या डोक्यात घोळू लागतात. घरी गोष्टी सांगणाऱ्या आजी-आजोबांची जागा पडद्याने घेतली आहे. पडदा न थकता गोष्ट दाखवतो, मात्र ऐकणारे मूल घाबरले तर त्याला जवळ घेत नाही आणि त्याने मध्येच प्रश्न विचारला तर थांबतही नाही. गिजुभाईंच्या दृष्टीने गोष्ट ही सांगणारा आणि ऐकणारा यांच्यातील विश्वासाची देवघेव होती. त्यासाठी लागणारी सामग्री गरिबातील गरीब शाळेकडेही असते. एक शिक्षक, थोडा वेळ आणि गोष्ट संपल्यावर काही क्षण गप्प राहण्याचा संयम, एवढे पुरते. यांतला संयमच सर्वांत दुर्मीळ आहे, हे गिजुभाईंनी ओळखले होते आणि म्हणूनच शिक्षकांना शिकवण्यात त्यांनी आपली अखेरची वर्षे खर्ची घातली.